डाव्या पायाची चप्पल

बार्शी नाक्यावर, टायरवाल्याच्या मागं,
रब्बानी मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवून
गोणपाटावर ठेवलाय,
नुकत्या जन्मलेल्या रेडकासारखा, ओला, काळा.

क्लच प्लेट त्यानं दोन बोटांत धरली.
अस्तर संपलेलं. रिव्हेट उघडे.
फ्लायव्हीलवर निळे डाग,
चुलीत विसरलेल्या उलथन्यावर पडतात तसे.
वास अजून माझ्या शर्टात आहे,
मांजरसुंब्याच्या घाटात
कापसाच्या ट्रकला मागं टाकताना आलेला,
शिंग जाळल्यासारखा.

गाडी कंपनीतून आली तशीच.
इंजिनाला हात लावलेला नाही, सायलेन्सरसुद्धा तोच.
फरक एवढाच की चालवणारा मी.

मोबाइल पुढं केला.
म्हणलं, हा मागवू पुण्याहून, रेसिंगचा.
सहा पाकळ्यांची प्लेट, तांब्याच्या रंगाची,
सोनाराकडं टाकली असती तरी शोभली असती.

मिस्त्रीनं चष्मा कपाळावर घेतला.
"हे पकडतंय लई.
सोडायचं ठावं नाही याला.
पाय उचललास की गाडी उडी मारणार,
घाटात नाही, भाजी मंडईत."

मग बाकड्याखालून डालड्याचा डबा काढला.
आत गिअरचे दात. तुटलेले, चमकणारे.
"गेवराईच्या एकाचे आहेत.
असाच क्लच बसवला होता त्यानं.
क्लच अजून चांगलाय."

थोडं थांबून म्हणाला,
"कायतरी घसरायला पायजे, बाबा.
जे स्वस्त आहे ते घसरू दे."

मी हट्टानं मधला मार्ग काढला.
अस्तर साधंच, पण प्रेशर प्लेट जड,
दाब जास्त, साडेनऊ हजार.
"पेडल जड होईल," तो म्हणाला, "दुसरं कोण चालवतं?"

वहिनी चालवते. आठवड्यातनं तीनदा,
अंबाजोगाईला, दवाखान्यात रातपाळीला.
सीट पुढं ओढून, पाठीमागं उशी घेऊन,
तरी टाचेवर उठावं लागतं तिला
पेडल तळाला न्यायचं तर.
हे मी मिस्त्रीला सांगितलं तेव्हा
मलाच पहिल्यांदा ऐकू आलं.

तो काही बोलला नाही.
"डावी चप्पल काढ," म्हणाला.
काढली.
त्यानं ती उलटी केली, अंगठ्याखाली बोट फिरवलं.
तिथली नक्षी पार गेलेली, गुळगुळीत, काचेसारखी.
"आता उजवी."
उजवीवर नक्षी शाबूत,
खाचेत मागच्या आठवड्यातला चिखलसुद्धा.

"क्लच घाटात नाही जळाला," तो म्हणाला.
"घाट एक दिवसाचा. हे रोजचं आहे.
पाय ठेवून बसतोस त्याच्यावर,
म्हातारं माणूस काठीवर हात ठेवतंय तसा.
जोरात चालव, मना नाही.
गिअर पडला की पाय काढायचा.
तुझ्यासारख्याला हत्तीचा क्लच बसवला
तरी दीड वर्षात हितंच येशील."

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं.
वर्षभर मित्रांना सांगत होतो,
आपण पळवतो ना, म्हणून जळतंय.

ठरलं. कंपनीचाच सेट, साडेपाच हजार,
बेअरिंग नवं, ते जुनं घालायचं नाही,
उतरवणावळ पुन्हा कोण देणार.
फ्लायव्हील लेथवर गेलं.
पोरगं ते सायकलच्या कॅरिअरवर बांधून
रस्त्यापलीकडं घेऊन गेलं,
एका हातानं सावरत, दुसऱ्या हातानं हँडल.

"चप्पल?"
"राहू दे इथं. गाडी होईस्तवर."
बॉनेटवर ठेवली त्यानं, पालथी,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

मे महिना. फरशी तापलेली.
मी उजव्या पायावर उभा,
डावा त्याच्यावर टेकवून, बगळ्यासारखा.
लेथ सुरू झालं पलीकडं.
आणि बघतो तर डावा पाय
खालच्या पायाला हळूच दाबतोय,
पुरा नाही, सुटाही नाही,
अर्धा.